उजव्या बाजूचं दार

१० नोव्हेंबर, सोमवार
परत आरसा. शाळेतून येताना स्टँडच्या वळणावर एका मोटारसायकलवाल्याने गाडीचा उजवा आरसा ठोकला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. तिघं बसलेले, मधल्याच्या मांडीवर खताची गोणी. दिवाळीआधी एकदा झालं होतं, आता हे दुसऱ्यांदा. काच वाचली, कव्हरला लांब चरा. सॅम खास नवऱ्याच्या सुरात म्हणाला, "बाजारात शिरलीस की आरसा मिटून घेत जा ना. पसरून कशाला ठेवतेस?" खरंच की. उद्यापासून मिटूनच.
नववीचे पेपर तसेच पडलेत.

१३ नोव्हें., गुरुवार
आरसा मिटल्यापासून बरं वाटतं. गाडी अंग चोरून जाते. एवढे दिवस गाडी चालवतेय, तरी नेवाशाच्या पेठेतून जाताना माझे खांदे कानाला लागतात. त्यात कारखाने सुरू झालेले, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या फटीतून हे दुचाकीवाले. उलट्या बाजूने येतात, हात न करता वळतात, मान वाकडी करून फोनवर बोलतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळा वेळ हेच चाललं होतं. हेडसर म्हणाले, "मार्थाबाई, जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असतो. यंदा तुम्हीच बोला पोरांपुढे." हो म्हटलं. माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

१८ नोव्हें., मंगळवार
अपघात. बेकरीसमोर, शाळा सुटल्यावर.
मी गाडी कडेला लावून उतरतच होते. दूधवाला, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन. खांदा आणि कानात मोबाईल धरलेला. तोल गेला, दुभाजकाच्या कडेवर डोकं आदळलं. हेल्मेट नाही. दूध रस्ताभर. त्यात रक्त.
लोक म्हणत होते फोनवर बोलत होता, फोनवर बोलत होता. कुणी हात लावेना, दोघं-तिघं व्हिडिओ काढत होते. मी ओरडले, माझ्या गाडीत घाला. केळीवाल्याने आणि आणखी एकाने उचलून मागच्या सीटवर ठेवलं.
त्याचा फोन रस्त्यावर चालूच. आतून बाईचा आवाज, "अहो... अहो, आवाज येत न्हाई तुमचा... काय पडलं?" मी उचलला. काय बोलले आठवत नाही.
इथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून लगेच नगरला पाठवलं.
सीटकव्हर सॅमने काढून भिजत घातलंय. दुधाचा वास जात नाही.

१९ नोव्हें., बुधवार
रजा टाकून नगरला गेलो, मी आणि सॅम. दूधवाल्याचं नाव दत्तू. नदीपलीकडे वस्तीवर राहतात. उजवी मांडी मोडली, डोक्याला आतून मार, अजून शुद्ध नाही. बाहेर बाकावर त्याची बायको, अलका. तीस-बत्तीसची असेल. पायात दोन वेगळ्या चपला. फोनवर बोलले ती मीच, हे कळल्यावर उठली आणि एकदम पायाच पडली. मी मागे सरकले.
"तुमी हुता म्हनून न्हेलं तरी कुनी. देवानंच धाडलं तुमाला."
सॅमने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

२१ नोव्हें., शुक्रवार
हवालदार घरी येऊन जबाब घेऊन गेले. चहा घेतला. सॅम आयुष्यभर तहसीलमध्ये कारकून, त्याला कागद कसा चालतो ते माहीत. निम्मं त्यानेच सांगितलं. "मोबाईलवर बोलत असताना तोल जाऊन पडला." मी सही केली. हवालदार म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं कमी. लोक हात लावायला घाबरतात."

२३ नोव्हें., रविवार
उपासनेत पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. "आमच्या भगिनीच्या हातून एक जीव वाचला." सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. पुढच्या बाकावरच्या शांताकाकू नंतर हात दाबून गेल्या.
घरी आले आणि मंगळवारचं पान उघडून वाचलं. 'उतरतच होते.' स्वतःच्या रोजनिशीतसुद्धा.
नीट लिहिते.
आरसा मिटलेला होता. मी मागे पाहिलं नाही. डोक्यात बेकरीत खारी संपली असेल का हे होतं. दार उघडलं, पुरतं, एकदम. मोटारसायकल दाराला लागली नाही. त्याने दार पाहिलं आणि हँडल उजवीकडे ओढलं. कॅन झुलले, गाडी आडवी झाली. फोन त्याच्या कानाला होता हे खरं. तो माझ्या दारापायी पडला हेही खरं.
आणि तो पडल्यावर मी पहिली गोष्ट काय केली? दार लावलं. आतून. ओढून घेऊन लावलं. त्याच्याकडे नंतर गेले, आणि तेही डाव्या दाराने उतरून.
लोकांनी आवाजावरून मान वळवली तोवर दार बंद होतं.

३० नोव्हें., रविवार
दत्तू शुद्धीवर आलाय. बायकोला ओळखतो, आईला ओळखतो. त्या दिवसाचं काही आठवत नाही. सकाळी डेअरीवर दूध घातलं इथपर्यंत आठवतं, पुढे कोरं.
मी संत्री घेऊन गेले होते. दत्तूची आई दारातच भेटली. मावशी खणखणीत आहेत, पदर खोचून जिना चढतात. अलकाकडे न बघता मला म्हणाल्या, "हिला ईचारा, कशापायी फोन केल्ता. मेथीची जुडी आना म्हनून! एका जुडीपायी माझा पोरगा आडवा झाला." आजूबाजूच्या पेशंटचे नातेवाईक ऐकत होते. त्यांना ते सगळं आधीच माहीत असावं, कुणी वळून पाहिलं नाही.
अलका संत्रं सोलत होती. सोलतच राहिली. नंतर पाण्याच्या टाकीपाशी मला म्हणाली, "त्या खोटं न्हाई बोलत मॅडम. घरात भेंडी हुती. मीच उगा."
मी काय करत होते? रिकामी बाटली धरून उभी होते.

६ डिसेंबर, शनिवार
सॅमला सांगितलं. सकाळी, तो अंगणात नाताळच्या ताऱ्याची वायर बघत होता तेव्हा. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
"दाराला लागला का तो?"
"नाही."
"फोनवर होता हे खोटं आहे का?"
"नाही."
"मग?"
मी म्हटलं, त्याच्या बायकोला वाटतंय तिच्यामुळे झालं. घरात तिला रोज तेच ऐकवतात. सॅम म्हणाला, तुझी नोकरी थोडी राहिली आहे, केस झाली तर काय होईल ठाऊक आहे का, आणि आता जबाब फिरवलास तर आधीचा खोटा दिला म्हणून वेगळंच. सगळं बरोबर बोलत होता. शेवटी वायर गुंडाळत एवढंच म्हणाला, "आरसा मिट म्हणून मीच सांगितलं होतं."
त्यानंतर दिवसभर आम्ही एकमेकांशी फार जपून वागलो, घरात पाहुणा असल्यासारखं.

१४ डिसें., रविवार
दत्तूला घरी सोडलं. वस्तीवर जाऊन आले. दर आठवड्यासारखी संत्री घेऊनच. प्रवरेच्या पुलावरून जाताना प्रत्येक मोटारसायकलला थांबून वाट दिली. मागचे हॉर्न वाजवत होते.
पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे गोठा, सारवलेलं अंगण. दत्तू खाटेवर, पायात सळई. डाव्या हाताची पकड गेलीय, कप धरताना थरथरतो. पण बोलका माणूस. "मॅडम, चौदा गावचं पानी प्यालोय ह्या गाडीवर. फोन असाच खांद्यात धरून. कवाच काय झालं न्हाई, त्याचाच माज आला." आपल्याच खाटेला हात लावून हसला. दुधाची लाईन आता धाकटा भाऊ संजय बघतो.
तेवढ्यात खुंटीवरचा फोन वाजला. अलका उचलायला गेली तर मावशींनी पुढे होऊन काढून घेतला. "तू नगं. तुज्या फोननं लई भलं केलं." अलका तशीच मागे फिरून चुलीपाशी गेली. दत्तूने तोंड भिंतीकडे केलं. तो बायकोची बाजू घेत नाही. त्यालाही तसंच वाटतं का? असणारच. त्याला दुसरं काय माहीत आहे!
निघताना अलकाने पिशवीभर वांगी दिली. नको म्हणता येईना.

२१ डिसें., रविवार
वस्तीवर गेले नाही. सर्दीचं कारण. सर्दी नव्हती.
वांगी अजून फ्रिजमध्ये. करायला हात होत नाही, टाकायलाही होत नाही.

२५ डिसें., गुरुवार. नाताळ
उपासनेहून आलो तर फाटकापाशी अलका उभी. वस्तीवरून एकटी आली, एसटीने. हातात स्टीलचा डबा, घरचं तूप. "तुमचा सण हाय ना आज. मोकळ्या हातानं कसं यावं."
घर पाहुण्यांनी भरलेलं. तिला आत बसवलं, करंज्या, केक दिला. माझ्या जावेला ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा अलकाच बोलली, "ह्यांनी आमच्या मालकाला वाचिवलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सॅम पाणी आणायला आत गेला तो आलाच नाही.
तिला गाडीने सोडते म्हटलं तर नको म्हणाली. स्टँडपर्यंत चालत गेलो. वाटेत तिने सांगितलं. संक्रांत झाली की सासू तिला माहेरी, गंगापूरकडे धाडणार. थोडे दिवस म्हणतात. पोरगी इथेच ठेवायची, शाळा आहे म्हणून.
"किती दिवस, असं ईचारलं तर संजूभाऊजी म्हनले बघू."
"दत्तू काय म्हणाला?"
"ते काय म्हनत न्हाईत. पायाकडं बघत बसत्यात."
एसटी आली. ती चढली, खिडकीतून हात केला. तेव्हाच सांगायला हवं होतं, स्टँडवर, सगळ्यांसमोर. घरात पाहुणे आहेत, स्वयंपाक राहिलाय, असं मनात म्हणत परत आले.

३ जानेवारी, शनिवार
आज जे केलं ते दारापेक्षा वाईट.
दत्तूला नगरला दाखवायला माझ्याच गाडीतून नेलं. तो पुढे, पाय लांब करून, अलका मागे. छान गेलो. घोडेगावला चहा. दत्तू शेजारून जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीकडे बघून आतल्या आत ब्रेक दाबत होता, पायाचा अंगठा हलायचा.
त्याला एक्स-रेला आत घेतलं, तेव्हा अलका माझ्याजवळ येऊन बसली. खूप वेळ पदराचं टोक चुरत होती. मग म्हणाली, "मॅडम, एक ईचारू? तुमी तिथंच हुता. फोन कानाला हुता म्हनूनच पडले ना ओ ते? का दुसरं काय झालं? खरं सांगा. मला कळाया पायजे."
एवढी सरळ विचारणारी बाई. माझ्याशिवाय तिला सांगणारं जगात कुणी नाही.
मी म्हटलं, "हो."
तिने मान डोलावली. जणू परीक्षेचा निकाल, जो तिला आधीच ठाऊक होता. "मंग बरोबर हाय," म्हणाली, आणि उठून त्याची चप्पल सरळ करून ठेवायला गेली.

५ जाने., सोमवार
शाळा. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू तुटला, तुकडा उचलायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. मुलांना वाटलं चक्कर. नव्हती.

८ जाने., गुरुवार
रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम. मैदानात आठवी ते दहावी. हेडसरांनी ओळख करून दिली, "ज्यांनी स्वतः अपघातग्रस्ताचे प्राण वाचवले." टाळ्या. मी आठवडाभर लिहून काढलेलं भाषण पर्समधून बाहेर काढलंच नाही. हेल्मेट, मोबाईल, तिघं बसणं हे सगळं भरभर बोलले. मग म्हटलं, चारचाकीत बसलेल्यानेही दार उघडण्याआधी मागे वळून बघायचं. तेच पुन्हा एकदा म्हटलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.
दहावीतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, त्या दूधवाल्याचीच चूक होती ना?"
"एकट्याची नव्हती," म्हणाले आणि खाली बसले. हेडसरांना वाटलं मी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलतेय. आभार मानताना त्यांनी खड्ड्यांचा उल्लेख केला.

१५ जाने., गुरुवार
काल संक्रांत झाली. आज दिवसभर वाटत राहिलं, अलका निघाली असेल का. फोन कुणाला करणार? तिच्या हातात आता फोन नाही, तो मावशींकडे असतो.
सॅमला म्हटलं, मी शनिवारी वस्तीवर जाणार आहे, सांगणार आहे. तो पेपर वाचत होता. "आधी वकिलाला तरी विचारू." मी म्हटलं, वकिलाला विचारलं तर तो गप्प बसा म्हणेल, आणि मी बसेन. मला मी माहीत आहे. त्याने पेपर खाली घेतला नाही. पण पानही उलटलं नाही.

१७ जाने., शनिवार
सांगितलं.
सकाळीच गेले. एकटी. संत्री नेली नाहीत. अलका अजून होती, सोमवारी भाऊ न्यायला येणार होता. पिशवी भरून दारामागे ठेवलेली. मी म्हटलं, अलका, जरा बाहेर ये. गोठ्याच्या कडेला उभ्या राहिलो. म्हैस रवंथ करत होती, तिच्याकडे बघूनच बोलले, अलकाकडे बघून बोलता आलं नसतं.
सगळं सांगितलं. आरसा, खारी, दार. दार परत लावून घेतलं तेही. आणि दवाखान्यात तिला 'हो' म्हणाले ते.
तिने म्हशीपुढची वैरण पुढे सारली. मग म्हणाली, "म्हंजी फोन नसता तरी?"
"तरी दार उघडलंच असतं मी. फोन नसता तर त्याला सावरता आलं असतं कदाचित. ते मला माहीत नाही. पण दार माझं होतं."
"हे आईंना सांगता?"
एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. मी हो म्हटलं, तशी ती पुढे आणि मी मागे. आत दत्तू खाटेवर, मावशी ज्वारी निवडत, संजय चपला घालून निघायच्या बेतात. मी उभ्यानेच परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं.
मावशींचा हात सुपात थांबला. संजय पहिला बोलला. "आन् जबाबात फोनवर बोलत हुता म्हनून लिवलं! सगळ्या गावात आमी तोंड लपवत हिंडतोय. चला ठाण्यात आत्ताच्या आत्ता."
"चला," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. पर्समधून गाडीची किल्ली काढली.
दत्तूने हात वर करून त्याला थांबवलं. तो माझ्याकडेच बघत होता. राग आला असता तर बरं झालं असतं.
"मॅडम, मंग ती संत्री कशापायी आनायचा तुमी?"
मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.
"न्हाई, सांगा ना. मला वाटायचं, कोन कुठली बाई, आपल्यासाठी एवढं करती. पोरीला सांगायचो, अशी मानसं असत्यात बघ. दार उघडलं तुमी, ठीक हाय, मीबी फोनवर हुतो. ते आपन दोघंबी सारखेच. पर संत्री कशापायी?"
मावशी सूप बाजूला ठेवून उठल्या, मला वाटलं माझ्याकडे येतात. त्या अलकापाशी गेल्या. तिच्या पुढ्यातून आत गेल्या आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.
कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळाने मीच निघाले.

१८ जाने., रविवार
उपासनेला गेले नाही. सॅम एकटा गेला आणि लवकर परत आला.
काल त्याला सांगितलं तेव्हा तो भडकला नाही. दत्तू काय म्हणाला तेवढं विचारलं. संत्र्यांचं सांगितल्यावर उठून मागच्या दारात जाऊन उभा राहिला.
मला हलकं वाटेल असं वाटत होतं. नाही वाटत. आधी एक ओझं होतं ते माझं एकटीचं होतं, आता ते दत्तूच्या घरात नेऊन ठेवलं. अलकासाठी केलं म्हणते. अलकाला दवाखान्यातच सांगितलं असतं, तर ते अलकासाठी झालं असतं.

१९ जाने., सोमवार
शाळेतून येताना ठाण्यात गेले. त्या दिवशीचे हवालदार बंदोबस्ताला बाहेरगावी. बुधवारी सकाळी येतील म्हणाले. काय काम, विचारलं. जबाबात बदल करायचाय म्हटलं. समोरच्याने चष्म्यावरून पाहिलं. "वाढवायचंय का कमी करायचंय?" वाढवायचंय म्हटलं.
अलकाचा भाऊ आज न्यायला येणार होता. आला असेल का? ती गेली असेल का?
उद्या दत्तूची नगरची तारीख. मी नेणार असं आधी ठरलेलं. आता कुणी काही कळवलेलं नाही.

२० जाने., मंगळवार
गेले. रजा टाकून. जायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, आपण गाडी नेऊन उभी करावी, एवढंच डोक्यात. वस्तीच्या तोंडाशी थांबले. हॉर्न वाजवला नाही.
बराच वेळ कुणी नाही. संजय मोटारसायकलवर कॅन लावून बाहेर पडला. माझ्या काचेसमोरून गेला, बघितलं, थांबला नाही. डोक्यावर हेल्मेट होतं, नवीन, वरचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच.
मग अलका दिसली. गेलेली नव्हती. दत्तूला काठीच्या आणि तिच्या खांद्याच्या आधाराने आणत होती. मी उतरून मागचं दार उघडलं. दत्तू या वेळी पुढे बसला नाही. दोघं मागे. घोडेगाव आलं. चहाला थांबू का विचारलं, दत्तू म्हणाला, नगं.
डॉक्टर म्हणाले हाड जुळतंय, हाताला वेळ लागेल. पूर्वीसारखी पकड येईल की नाही, आत्ताच सांगता येत नाही. गाडी चालवण्याचं दत्तूने विचारलंच नाही.
औषधाच्या खिडकीपाशी अलका आणि मी दोघीच. मी म्हटलं, उद्या ठाण्यात जाऊन खरं लिहून देणार आहे. तू काय म्हणतेस?
"मला नगा ईचारू." आवाज चढला नाही, पण बाजूच्या बाईने वळून पाहिलं. "दोन म्हैने मला झोप न्हाई. आता तुमी सांगितलं, तर आता मी तुमाला बरं म्हनू? जा म्हनू, नगा जाऊ म्हनू? ते तुमचं तुमी बघा. माझ्यावर टाकू नगा."
थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "भाऊ आल्ता काल. मी न्हाई गेले. आईंनी थांब म्हनलं न्हाई. पिशवी तेवढी दारामागनं उचलून आत ठिवली."
येताना दत्तू मागे झोपला. तोंड उघडं, डोकं तिच्या खांद्यावर. मी गाडी इतकी हळू चालवली की उसाचा ट्रॅक्टरही पुढे गेला.
वस्तीवर पोचलो. दोघं उतरले. पुढची तारीख महिन्याने. मी येऊ का, असं विचारणार होते, तर दत्तू काठीवर टेकून म्हणाला, "कळवतो." त्याचं ते कळवतो मी आत्तापर्यंत डोक्यात फिरवतेय. हो वाटतं, नाही वाटतं.
वाटेवर बैलगाडी आडवी लागलेली, त्यामुळे गाडी त्यांच्या अंगणातूनच वळवावी लागली. मावशी ओट्यावर उभ्या. शनिवारपासून त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. मी रिव्हर्स टाकला तशा त्या दोन पायऱ्या उतरल्या. माझ्याकडे न बघता, गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत म्हणाल्या, "थांबा. मागं पिल्लं हायत कोंबडीची. उतरून बघून घ्या."
मी उतरले, गाडीमागे जाऊन पाहिलं. चार-पाच पिल्लं, चाकाला लागून दाणे टिपत होती. मावशींनी हातातल्या सुपाने हाकलली. मी गाडीत बसले, त्या तिथेच उभ्या राहिल्या, मी वळून बाहेर पडेपर्यंत.
उद्या सकाळी ठाण्यात. सॅमने त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय. येतो असं म्हणाला नाही.